सहाशे किलोचा ठोकळा

पहिल्या खेपेला मशीन ओरडलं तेव्हा तिला वाटलं, आपलाच हात थरथरला असेल. दुसऱ्या खेपेलाही ते नेमकं त्याच जागी ओरडलं, तेव्हा मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नापास झाल्याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त छळत होता तो एकच प्रश्न: का ओरडलं?

स्वभावच तसा. इमारतींना काचा बसवणाऱ्या एका टोळीत ती नऊ वर्षं होती आणि सुरुवातीला टोळीतले लोक तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणायचे. एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार, म्हणून पुढे नुसती ‘खिडकी’ उरली. काचा बसवणाऱ्यांत एका बाईचं नाव खिडकी, यावर सगळे महिनाभर पोट धरून हसले. मग हसू ओसरलं, नाव मात्र राहिलं.

टोळीकडे एक छोटी क्रेन होती. दारातून आत जाईल एवढीच. चार पाय पसरून बसली की हुबेहूब खेकडा, म्हणून तिला सगळे खेकडाच म्हणत. गेली सहा वर्षं खेकड्याचे लिव्हर खिडकीच्या हातात होते. चार माणसांना न पेलणारी काच ती चौकटीपाशी अशी अलगद नेऊन थांबवायची, की आतल्या माणसानं नुसतं बोट लावावं आणि काच जागेवर बसावी. सहा वर्षांत एका काचेला ओरखडा नाही. हे ती स्वतः कधी सांगत नसे, कारण टोळीतले लोकच येईल त्याला सांगत.

लायसनचा नियम तसा अकरा वर्षांपूर्वीचा. पण तो बांधकामवाल्यांना होता, काचवाल्यांना त्यातून सूट होती. यंदा ती सूट गेली. एक तारखेपासून बिगरलायसन माणसानं छोट्या क्रेनच्याही लिव्हरला हात लावायचा नाही. परीक्षेला तीन संधी. तिन्ही हुकल्या की दोन वर्षं अर्जच घेणार नाहीत.

मुकादमानं मान खाजवत सांगून टाकलं होतं, “खिडकीताई, माझा नाइलाज आहे. लायसन नाही झालं तर लिव्हरवर बाहेरचा माणूस आणावा लागेल. तुला खाली काचा पुसायला ठेवतो. काम जाणार नाही, एवढा शब्द देतो.”

काम जाणार नव्हतं, हे खरं. पण पहिली तीन वर्षं तिनं काचाच पुसल्या होत्या आणि त्या तीन वर्षांत तिला एकदाही कुणी ‘ताई’ म्हटलं नव्हतं. पुन्हा ते फडकं तिला हातात घ्यायचं नव्हतं. दोन संधी संपल्या होत्या. राहिली होती एक, आणि एक तारीख दहा दिवसांवर आली होती.

आता परीक्षा कसली, तर दिसायला अगदी सोपी. कचेरीमागच्या पटांगणात एक छोटी क्रेन उभी. बाजूला काँक्रीटचा ठोकळा, त्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं: ६०० किलो. क्रेनपासून चार मीटरवर जमिनीवर पिवळा चौकोन, चौकोनाच्या मधोमध फुली. ठोकळा उचलायचा, वाटेत रोवलेल्या दोन खांबांच्या मधून न्यायचा आणि चौकोनात ठेवायचा. मध्येच मशीन ओरडलं तर शिट्टी वाजणार आणि नापास.

मशीन कधी ओरडतं? भरलेली बादली कमरेशी धरली तर माणूस मैलभर चालेल, तीच हात लांब करून धरली तर दहा पावलांत खांदा निखळेल. क्रेनचंही तसंच. तिचा हात जितका लांब जाईल, तितकं कमी ओझं तिला झेपतं. झेपेनासं व्हायच्या थोडं आधीच ती ओरडून सांगते, की बाई, आता पुरे. नियमांच्या पुस्तकात तक्ता होता आणि तक्त्याप्रमाणे चार मीटरवर सहाशे किलोला मशीननं हूं की चूं करायला नको होतं. खिडकीनं दोन्ही वेळा ठोकळा फुलीकडे नेला होता, कारण पुस्तकात ‘फुलीवर’ असं लिहिलं होतं. दोन्ही वेळा फुलीच्या वीतभर अलीकडे मशीन ओरडलं होतं.

दुसऱ्या खेपेनंतर बाकावरच्या एका गवंड्यानं तिला बाजूला घेतलं. तोही उमेदवार होता, त्याची तारीख पुढची होती.

“ताई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ठोकळा हातभर अलीकडेच ठेवायचा. चौकोन मोठा आहे. आत आला म्हणजे झालं, साहेब फुली बघत नाहीत. सगळे तसंच करतात.”

“का पण?”

“का म्हणजे? पुढे नेला की ओरडतं.”

“का ओरडतं?”

गवंड्यानं तिच्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “ते मला काय ठाऊक! मला माझ्या दाजींनी सांगितलं.”

“आणि दाजींना?”

“त्यांच्या मुकादमानं. त्याला आणखी कुणी सांगितलं असेल. ताई, तुम्हाला पास व्हायचंय की वंशावळ काढायचीये?”

हाच प्रश्न घरी आत्यानंही विचारला. खिडकीला लहानाची मोठी केली ती या आत्यानं. आत्या पडदे शिवायची. अख्ख्या घरात बसायला जागा शोधायची तर आधी कापडाचे तागे हलवावे लागत.

“युक्ती कळली ना? मग कर आणि लायसन घेऊन ये. नसत्या चौकशा कशाला?” शिलाई मशीनवरचं डोकं वर न करता आत्या म्हणाली.

“करणारच आहे गं. पण तक्ता खोटा का मशीन खोटं, एवढं कळायला नको?”

“आणि तो दगड? तो खरा कशावरून?”

“ठोकळा? त्याच्यावर लिहिलंय, सहाशे किलो.”

“लिहिलंय!” आत्यानं मशीनचं पायडल थांबवलं. “ताग्यावर वीस मीटर लिहिलेलं असतं. मी मोजते तेव्हा साडेएकोणीस भरतो. लिहिणाऱ्याचं काय जातंय? मला सांग, त्या दगडाचं वजन कुणी केलंय?”

खिडकीनं उठून नियमांचं पुस्तक आणलं आणि शेवटचं पान उघडलं. परीक्षेच्या ठोकळ्याचं चित्रच तिथं होतं, मापांसकट: लांबी पंचाहत्तर सेंटीमीटर, रुंदी पंचाहत्तर, उंची पंचेचाळीस. वजन सुमारे सहाशे. काँक्रीटच्या घनमीटरला चोवीसशे किलो धरून तिनं पेन्सिलीनं गुणाकार केला. बरोबर होता. म्हणजे चित्रातला ठोकळा सहाशेचाच होता.

“तुझी टेप दे,” ती म्हणाली.

“हरवलीस तर घरात पाऊल ठेवू नकोस,” आत्या म्हणाली आणि गळ्यातली टेप काढून तिनं भाचीच्या हातात दिली.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी खिडकी तासभर आधी पोचली. पटांगणात कुणी नव्हतं. तिनं ठोकळ्याला टेप लावली. लांबी पंचाहत्तर. रुंदी पंचाहत्तर. उंची पन्नास. टेप खाली सरकली असेल म्हणून तिनं पुन्हा लावली, मग दुसऱ्या बाजूनं लावली. पन्नासच! पाच सेंटीमीटर जास्त. बाकावर बसून तिनं पुस्तकाच्या मागच्या पानावर हिशेब केला. उत्तर आलं सहाशे पंचाहत्तर.

तिला इतका आनंद झाला की ती बाकावर एकटीच हसत बसली. कोडं सुटलं होतं! मशीन खरं होतं, तक्ता खरा होता, तिचा हातही खरा होता. दगडच पंचाहत्तर किलोनं खोटं बोलत होता.

हसू ओसरल्यावर मात्र तिला कळेना की आता करायचं काय. सांगावं, तर साहेब म्हणणार, दोनदा नापास झालेली बाई ठोकळ्याला नावं ठेवते. नाचता येईना अंगण वाकडं. न सांगावं, तर हातभर अलीकडे ठेवलं की पाच मिनिटांत लायसन. तिनं ठरवलं, आधी पास व्हायचं. सांगायचं काय, नंतरही सांगता येईल.

परीक्षक साहेब आले. साहेब कडक होते, पण खवचट नव्हते. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट ते कचेरीत चहा पितानासुद्धा काढत नसत. लोक म्हणत, झोपतानाही काढत नसतील. गळ्यात शिट्टी, हातात पाटी, पाटीला दोरीनं बांधलेलं पेन.

आधी गवंड्याचा नंबर लागला. त्यानं ठोकळा उचलला, खांबांतून काढला आणि फुलीच्या हातभर अलीकडे टेकवला. मशीन चकार शब्द बोललं नाही. “पास,” साहेब म्हणाले. गवंडी बाकावर येऊन खिडकीला डोळा मारून बसला.

मग ती. तिनं पाय नीट टेकलेत का पाहिलं, पट्टे ओढून पाहिले, हूक लावला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठोकळा आधी वीतभर उचलून थांबवला. मशीनवरचा काटा हिरव्यातून पिवळ्याकडे निघाला होता. सहाशेला तो एवढा पुढे यायला नको होता. आता तिला ठाऊक होतं म्हणून ते दिसत होतं. तिनं समोर पिवळ्या चौकोनाकडे पाहिलं. हातभर अलीकडे. एवढंच तर करायचं होतं.

पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर पहिला नियम होता, ज्या ओझ्याचं वजन ठाऊक नाही ते उचलायचं नाही. आणि लायसन मिळालं की त्याच नियमाखाली सही करायची होती. तिला काच धरायला चौकटीत उभे राहणारे तिचे लोक आठवले. काचेवरच्या चिठ्ठीत जे वजन असेल तेच ती खरं धरायची, आणि ती धरते म्हणून ते बिनघोर उभे राहायचे. उद्या कुणी असाच एखादा खोटा आकडा काचेवर चिकटवला तर? तिथंही हातभर अलीकडे?

तिनं ठोकळा होता तिथं खाली टेकवला, हूक सैल केला आणि लिव्हरवरचे हात काढून घेतले.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“हे मी उचलणार नाही, साहेब.”

बाकावर कुजबुज झाली. गवंड्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“बाई, ही तुमची तिसरी संधी आहे. उचललं नाही तर नापास. दोन वर्षं इकडे फिरकता येणार नाही.”

“ठाऊक आहे. पण याचं वजन मला ठाऊक नाही.”

“सहाशे किलो. एवढं मोठं लिहिलंय, दिसत नाही का?”

“दिसतं ना. लिहिलं कुणी?”

“मी लिहिलंय. मीच ओतून घेतलाय तो ठोकळा, हे पटांगण सुरू झालं तेव्हा.”

“मग वजनही तुम्हीच केलं असेल. काट्यावर केलं होतं का?”

साहेबांनी शिट्टी हातात धरली, पण फुंकली नाही. खरं तर त्यांनी शिट्टी फुंकायला हवी होती. नियमात ते बसत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिच्या डोळ्यांदेखत पातळ होत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. ती ते चांगलं ओळखत होती. साहेबांच्याही डोक्यात किडा शिरला होता.

“टेप आहे?” त्यांनी विचारलं.

तिनं गळ्यातली टेप दिली. साहेब गुडघ्यांवर बसले. पन्नास. दुसऱ्या बाजूनं, पन्नास.

“साचा पंचेचाळीसचा होता,” ते हळूच म्हणाले. “उचलायची कडी नीट बुडत नव्हती. हलायची. म्हणून वरून आणखी पाच सेंटीमीटर ओतायला सांगितलं. आकडा आधीच कागदावर काढला होता. तोच रंगवला.”

कचेरीत टांगून वजन करायचा मोठा काटा होता. गावभरच्या क्रेन तपासायला साहेब तो घेऊन जात, लोकांची ओझी मोजत, खोट्या आकड्यांवर नोटिसा बजावत. अकरा वर्षांत तो काटा कचेरीमागच्या पटांगणात एकदाही आला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. साहेबांनी तो स्वतः उचलून आणला, ठोकळा टांगला, आणि बाकावरची सगळी मंडळी उठून भोवती जमली.

सहाशे शहात्तर.

गवंड्याला राहवलं नाही. “तरीच! म्हणून हातभर अलीकडे ठेवायला सांगतात!” एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं जीभ चावली. बाकी सगळे आपापल्या चपला न्याहाळू लागले.

खिडकीला मात्र आता थांबणं शक्यच नव्हतं. “साहेब, ही युक्ती पहिल्यांदा कुणी काढली असेल हो? मी विचारत गेले, तर दाजी, मग मुकादम, मग त्याच्याही मागे कुणीतरी.”

साहेबांनी हेल्मेट काढलं. त्यांना बिनहेल्मेटचं बघितलेलं तिथं कुणीच नव्हतं; डोक्याला पार टक्कल पडलेलं होतं. ते उत्तर देणार नाहीत असंच तिला वाटलं. न देऊनही चाललं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

“मी,” साहेब म्हणाले. “या पटांगणातली पहिली परीक्षा माझीच होती. परीक्षकालाही आधी लायसन लागतं. आदल्या दिवशी सराव करताना फुलीवर नेला तर मशीन ओरडलं. दुसऱ्या दिवशी हातभर अलीकडे ठेवला. पास झालो. माझ्या मागच्या माणसाला तेवढं सांगितलं.”

“पण ‘का ओरडतं’ असं मनात आलं नाही तुमच्या?”

“आलं होतं.” साहेबांनी हेल्मेट काखेत मारलं. “आलं होतं, बाई. पण नोकरी लागायची होती. विचारलं तर परीक्षा पुढे ढकलतील अशी भीती वाटली. नंतर तर विचारायची लाजच वाटायला लागली. जे फुलीवर नेत होते त्यांना मी नापास करत राहिलो. तुम्हालासुद्धा. दोनदा.”

खिडकीला त्यांचा राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. पण अकरा वर्षं एक प्रश्न गिळून बसायचं म्हणजे काय होत असेल, याची कल्पना तिच्याइतकी त्या पटांगणात दुसऱ्या कुणाला नव्हती. तिला त्या माणसाची दया आली.

साहेबांनी पाटीवरचा तिचा कागद काढला, त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ठोकळ्याचं वजन चुकीचं, परीक्षा रद्द. “तुमच्या आधीच्या दोन्ही परीक्षाही रद्द. तिन्ही संधी परत मिळाल्या तुम्हाला.”

“आणि माझं?” गवंडी घाबराघुबरा पुढे आला. “मी तर पास झालोय!”

“तुमचंही रद्द. आजचे सगळेच रद्द. आधीचे सगळे पुन्हा बोलवावे लागतील.”

गवंड्यानं खिडकीकडे असं बघितलं, की नजरेनं माणूस भाजत असता तर ती तिथंच खरपूस झाली असती. “कुठून अवदसा आठवली आणि तुमच्या शेजारी बसलो!”

“मग माझी आत्ताच घ्या ना, साहेब,” खिडकी म्हणाली. “एक तारीख जवळ आली. आता वजन ठाऊक आहे. चौकोन थोडा अलीकडे आखला की झालं.”

साहेबांनी मान हलवली. “घेता येत नाही. तुमच्या लायसनवर सही करायला परीक्षकाचं स्वतःचं लायसन लागतं. माझं पण त्याच ठोकळ्यावरचं आहे.”

ते कचेरीत गेले आणि मोठ्या कचेरीला फोन लावला. दार उघडंच होतं. स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं, तारखेसकट सांगतानाचा त्यांचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता.

एक तारखेच्या आधीच, गुरुवारी, दुसऱ्या गावच्या परीक्षक बाई आल्या. ठोकळ्यावरचा जुना आकडा खरवडून नवा रंगवला होता, चौकोन अलीकडे सरकवून नवी फुली काढली होती. खिडकीचा पहिला नंबर होता. तिनं ठोकळा वीतभर उचलून थांबवला, काटा पाहिला, खांबांतून नेला आणि फुलीवर टेकवला. मशीन गप्प होतं. बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि लायसन तिच्या हातात दिलं. तिनं ते तीनदा वाचलं. मग तिला रडू आलं, आणि गवंडी शेजारीच असल्यामुळे ते लपवताही आलं नाही.

“आता रडता कशाला?” गवंडी म्हणाला. “रडायची पाळी माझी. माझा नंबर दुसरा आहे.”

पण त्याचाही ठोकळा नीट बसला. बाईंनी पाटी पाहून पुढचा उमेदवार पुकारला आणि बाकाच्या टोकाला बसलेले साहेब उठले. आज गळ्यात शिट्टी नव्हती. लिव्हरपाशी जाताना त्यांनी हात विजारीला पुसले. खिडकीला घरी जायची घाई होती, आत्या वाट बघत होती, पण तिचा पाय निघेना.

साहेबांनी ठोकळा उचलला, वीतभर थांबवला, सावकाश नेला, ठेवला. मशीन ओरडलं नाही.

“पास,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

साहेब लिव्हर सोडून ठोकळ्यापाशी गेले. वाकून त्यांनी चारही बाजूंनी ठोकळ्याबाहेर दिसणाऱ्या फुलीच्या रेघा न्याहाळल्या.

“दोन बोटं डावीकडे आहे,” ते म्हणाले.

“चौकोनात आहे ना? मग चालतं,” बाई म्हणाल्या. “सही करतेय मी.”

“थांबा जरा,” साहेब म्हणाले, आणि पुन्हा लिव्हरपाशी जाऊन त्यांनी ठोकळा उचलला.